रक्तात नसलेलं विकर

कुरडयांसाठी गहू भिजत घातले की आमच्या पंचवटीतल्या दोन खोल्यांना तीन दिवस एकच वास यायचा. आंबूस, जड, ओल्या गोणपाटासारखा. आई मोठ्या पितळी पातेल्यात गहू घालायची, रोज सकाळी पाणी बदलायची आणि एखादा दाणा अंगठ्याने दाबून बघायची. दाबल्यावर दाण्यातून पांढरं दूध सुटलं की म्हणायची, "झाले." बाहेर भाजीबाजाराचा कालवा सुरू झालेला असायचा, मेथीच्या जुड्या पाण्यात बुचकळून आपटल्याचा आवाज थेट आमच्या ओट्यापर्यंत यायचा आणि गंगेकडून, म्हणजे गोदावरीकडून, घंटा ऐकू यायच्या. आप्पा सातपूरला एका कारखान्यात फिटर होते. फर्स्ट शिफ्ट असली तर कंपनीची बस कारंज्याच्या चौकात हॉर्न द्यायची, आणि त्या हॉर्नवर आमच्या गल्लीतली निम्मी घरं आपापली घड्याळं लावायची. ताईला सातवा महिना लागला होता. बाळंतपणाला ती माहेरी आली होती, पाय लांब करून भिंतीला टेकून बसायची आणि आईला हुकूम सोडायची. मी अकरावीत होते आणि मला सगळ्यात आवडायचा तो शिजवलेला चीक. गरम, चिकट, वर कच्चं तेल आणि मीठ. वाटीभर म्हणता म्हणता मी तीन वाट्या खायचे.

पुढे मी आयुष्यभर जीवशास्त्र शिकवलं. विकरांचा, म्हणजे एन्झाइम्सचा, धडा आला की मी मुलांना कुरडयांचाच दाखला द्यायचे. कोरड्या गव्हात विकरं नुसती पडून असतात, पाणी मिळालं की कामाला लागतात आणि पिठाच्या लांबलचक साखळ्या पाण्याच्याच मदतीने तोडत सुटतात. अशा विकरांना हायड्रोलेज म्हणतात. तोंडातल्या लाळेत ती आहेत म्हणून भाकरी चावता चावता गोड लागते. जठरात आहेत, आतड्यात आहेत, शेणखताच्या खड्ड्यात आहेत, गंगेच्या काठाशी कुजणाऱ्या निर्माल्याची माती करणाऱ्या जंतूंतही आहेत. जगातलं जे काही मोडतं, विरघळतं, पचतं, त्यातल्या बऱ्याचशा कामात त्यांचा हात असतो. मुलं हे सगळं वहीत उतरवून घ्यायची. मी मात्र तो तास दरवर्षी घाईने उरकायचे, आणि ते का, हे मी वर्गात कधी सांगितलं नाही. आता वर्ग नाही, म्हणून इथे लिहिते.

त्या वर्षी चीक खाल्ला त्याच दुपारी माझ्या पोटात दुखायला लागलं. आधी बेंबीभोवती, मग उजवीकडे खाली. आईने "आणखी खा" म्हणून ओवा दिला, बेंबीत हिंगाचा लेप लावला. सकाळपर्यंत मला सरळ उभं राहता येईना. गल्लीच्या तोंडाशी दवाखाना असलेल्या डॉक्टरांनी पोटाच्या उजव्या बाजूवर बोटं दाबली, आणि सोडली तेव्हा मी किंचाळले. ते म्हणाले, "अपेंडिक्स आहे. आजच काढायला हवं. फुटलं तर विष पोटभर पसरेल." आप्पांची त्या आठवड्यात सेकंड शिफ्ट होती, म्हणून ते घरीच होते. डॉक्टर जाईपर्यंत ते दारात उभे राहिले. मग आत आले आणि म्हणाले, "ऑपरेशन करायचं नाही."

आईने एवढंच विचारलं, "मग काय करायचं?"

"औषधांनी बसतं. आमच्या खात्यात एकाचं बसलं."

"आणि फुटलं तर?"

आमच्या घरात ऑपरेशन हा शब्द उच्चारायचा नाही असा एक अलिखित नियम होता आणि त्याचं कारण आम्हा दोघी बहिणींना तुकड्यातुकड्यांनी माहीत होतं. आप्पांची धाकटी बहीण, कुसुमआत्या, मनमाडला दिली होती. लग्नाला फार दिवस झाले नव्हते तोच तिच्या पोटात गाठ निघाली. सासरचे म्हणत होते, देवाचं बघू, झाडपाल्याचं बघू. आप्पा तेव्हा नुकतेच कामाला लागलेले, शहरात राहणारे, चार गोष्टी कळणारे. त्यांनी हट्टाने तिला नाशिकला आणलं आणि एका दवाखान्यात ऑपरेशन करवलं. गाठ निघाली. साधीच होती. पण आत्या शुद्धीवर आलीच नाही. तिचा श्वासच परत सुरू झाला नाही. डॉक्टर बराच वेळ काहीतरी दाबत राहिले आणि मग थांबले. त्यानंतर तिचे यजमान, आमचे आतोबा, आप्पांशी एक शब्द बोलले नव्हते. मी तर त्यांना पाहिलंही नव्हतं.

"तिलाही मीच नेलं होतं," आप्पा म्हणाले.

आई त्यांच्याजवळ गेली. ती नात्यानं त्यांची मामेबहीण, लहानपणापासून ओळखणारी. एरवी त्यांच्यासमोर फारसं न बोलणारी. तिने हळूच सांगितलं, "या वेळी मी नेते. काही झालं तर माझ्या माथी." आणि ताईकडे वळून म्हणाली, "बाहेर जाऊन रिक्षा थांबव."

रिक्षा पुलावरून जाताना प्रत्येक खड्ड्याला माझ्या डोळ्यांपुढे अंधारी येत होती. पण दुखण्यापेक्षा मला आप्पांचा चेहरा बघवत नव्हता. ते समोर ड्रायव्हरच्या बाजूला अर्धवट बसले होते आणि मान मागे वळवून माझ्याकडे असे बघत होते, जसं गाडीच्या खिडकीत बसलेल्या माणसाकडे फलाटावरचा माणूस बघतो. त्या नजरेने मला पहिल्यांदा वाटलं की मी मरू शकते. तोवर ते मनात आलं नव्हतं.

ते एक छोटं नर्सिंग होम होतं, खाली दवाखाना आणि वर सहा-सात खाटा. भूल देणाऱ्या बाई, पानसे मॅडम, बारीक अंगाच्या होत्या आणि घड्याळ मनगटाच्या आतल्या बाजूला बांधत. त्यांनी माझा हात धरून शीर शोधली आणि विचारलं, "कॉलेजला कोणता विषय आवडतो?" मी म्हटलं, "बायॉलॉजी." "मग डॉक्टर हो," त्या म्हणाल्या. "आता शंभरपासून उलटे आकडे म्हण." मी सत्त्याण्णवपर्यंत पोचले असेन.

पुढचं लिहायला मला इतकी वर्षं का लागली, ते वाचणाऱ्याच्या लक्षात येईल.

मला जाग आली ती आवाजांनी. ट्रेमध्ये काहीतरी धातूचं पडलं. पंख्याची घरघर. कुणीतरी नळ सोडला. मला वाटलं, झालं, आता डोळे उघडावेत. डोळे उघडेनात. आधी वाटलं, झोपेची गुंगी आहे. मग हात हलवायचा प्रयत्न केला, आणि लक्षात आलं की हात कुठे आहे ते समजतंय, चादरीचा खरखरीतपणा समजतोय, पण हलवायला जे काही लागतं ते माझ्याकडे नाही. घशात काहीतरी जाड, टणक खुपसलेलं होतं. पोटाच्या उजव्या बाजूला निखारा ठेवावा तसं पोळत होतं. मी ओरडले. म्हणजे ओरडण्याचं सगळं मनात केलं, बाहेर काहीच आलं नाही. मग मी श्वास घ्यायला गेले आणि श्वास आला नाही. छाती जागची हलली नाही. त्या क्षणी जी भीती वाटली तिला मी आजही नाव देऊ शकत नाही. बुडणारा माणूस निदान हातपाय मारतो. तेवढ्यात छाती आपोआप फुगली, कुणीतरी बाहेरून हवा भरली, आणि मग बसली. मग पुन्हा काही नाही. मग पुन्हा फुगली. प्रत्येक दोन श्वासांच्या मध्ये एक रिकामी जागा होती, आणि त्या जागेत मी पडून होते, पुढचा श्वास येणार की नाही ते बाहेरच्या कुणावर तरी सोडून.

"अजून नाही?" सर्जनांचा आवाज.

"नाही," पानसे मॅडम माझ्या डोक्याजवळूनच बोलल्या.

"गॅस केव्हाच बंद केलाय ना?"

"केव्हाच. टाके घालून झाले तेव्हाच."

"मग? मेंदूला काही झालं असेल का?"

"रंग बघा तिचा. एक मिनिटसुद्धा ऑक्सिजन कमी पडलेला नाही."

"मग वडिलांना मी काय सांगू? बाहेर भिंतीला धरून उभे आहेत ते."

मला वाटलं, मी मेले आहे. सोळा वर्षांच्या मुलीला दुसरं काय वाटणार. मेल्यावर ऐकू येतं, हे आपल्याला कुणी सांगितलं नव्हतं, इतकंच. आम्ही पंचवटीत राहणारे. अमरधामकडे जाणाऱ्या प्रेतयात्रा मी लहानपणापासून ओट्यावरून पाहिलेल्या. आता मला बांधतील, नेतील, लाकडं रचतील, आणि मी ऐकत असेन. आप्पा मडकं खांद्यावर घेऊन फिरतील ते ऐकत असेन. मला हे इतकं स्पष्ट दिसलं की बंद डोळ्यांआडही मला ते बघायचं नव्हतं. मधेच हवा थांबली. हवेचा फुगा दाबणारा हात बदलत होता, हे मला नंतर कळलं. पण ते दोन-तीन क्षण सगळी खोली गप्प होती, नळ बंद, पंखा बंद, कुणी बोलत नव्हतं. सगळ्यात भयंकर ते होतं. दुखण्यापेक्षा, घशातल्या नळीपेक्षा. ती शांतता. मला वाटलं, सोडून गेले सगळे.

मग कुणाचं तरी बोट माझ्या गालाला लागलं.

"हे बघा," पानसे मॅडम म्हणाल्या. "डोळ्यांतून पाणी येतंय. आणि नाडी बघा, केवढी धावतेय." मग त्यांचा आवाज अगदी माझ्या कानाशी आला, त्यांच्या श्वासाला वेलदोड्याचा वास होता. "वैजू, ऐक. तू जागी आहेस, ते मला कळलंय. तू जिवंत आहेस. ऑपरेशन छान झालंय. तुला हलता येत नाहीये ते एका औषधामुळे. ते तुझ्या अंगातून उतरायला वेळ लावतंय, पण उतरणार आहे. तोवर तुझा श्वास मी घेतेय. माझा हात थांबणार नाही. दमले तर सिस्टर घेतील, पण थांबणार नाही." त्यांनी माझे डोळे कापसाने टिपले. एक डोळा, मग दुसरा. "आता मी तुला थोडं झोपेचं देते."

ते थोडंच होतं. पुढे काय होतंय ते न कळल्याने जास्त द्यायला त्या धजल्या नसाव्यात. त्यामुळे मी बुडायचे आणि वर यायचे, बुडायचे आणि वर यायचे. वर आले की आधी भीती वाटायची, मग त्यांचा आवाज यायचा. त्या सतत बोलत होत्या. आता चार वाजलेत, बाहेर ऊन आहे, तुझी आई खाली चहा न घेता बसली आहे, तिला मी रागावले. असं काहीही. एकदा वर आले तेव्हा आप्पांच्या चपलांचा आवाज ऐकू आला. त्यांना आत बोलावलं होतं. ते माझ्या उशाशी आले, आणि त्यांच्या तोंडून आलं, "कुसुम."

मला वाटलं, आता नक्की.

"वैजयंती नाव आहे ना तिचं?" पानसे मॅडम शांतपणे म्हणाल्या. "तिला ऐकू येतंय. तिच्या नावाने बोला. काहीही बोला, पण बोलत राहा."

आप्पांना बोलायची सवय नव्हती. आधी त्यांनी माझी चादर सारखी केली. मग ते म्हणाले, "वैजू, चिकावरचं पाणी बदलायचं राहिलं आज. चीक राहिलाय पातेल्यात निम्मा. ताईला सांगून आलोय. तिला वाकता येत नाही, शेजारच्या बाईंना सांगेल ती." मग कंपनीच्या बसचं सांगितलं, मग त्यांच्या खात्यातल्या एका लेथवर कसा आवाज येत होता आणि तो कुणालाच सापडत नव्हता, ते. त्यांनी मला आयुष्यात एका वेळी इतकं कधी सांगितलं नव्हतं. ते थांबले नाहीत. त्या लेथचं पुढे काय झालं ते मी ऐकायच्या आधीच पुन्हा बुडाले.

ऊन उतरल्यावर कधीतरी मला कळलं की उजव्या पापणीत काहीतरी थरथरतंय. मग पायाचा अंगठा. मग आलेला श्वास मधेच माझ्या श्वासाला अडखळला, कारण मीही घेत होते. उंदराएवढा, पण माझा. "आला," पानसे मॅडम म्हणाल्या. नळी काढली तेव्हा मी खोकले, ओकले आणि रडले. डोळे उघडले तर त्या भिंतीला पाठ लावून जमिनीवरच बसल्या होत्या आणि एका हाताने दुसऱ्या हाताची बोटं सरळ करत होत्या. फुगा दाबून दाबून ती आपोआप वळत होती.

दुसऱ्या दिवशी त्या खुर्ची ओढून माझ्या खाटेशी बसल्या. आई, आप्पा, ताई, सगळे होते. त्यांनी आधी आप्पांना विचारलं, "तुमच्या घरात असं कुणाला झालं होतं का? भुलीतून बाहेर यायला उशीर?" आप्पांनी मान खाली घातली आणि कुसुमआत्याचं सांगितलं. मॅडमनी ते टिपून घेतलं. मग विचारलं, "तुमचं लग्न नात्यातलं?"

"मामाची मुलगी," आप्पा म्हणाले.

मग त्यांनी समजावलं. ऑपरेशनच्या आधी घशात नळी घालताना स्नायू सैल पडावेत म्हणून एक औषध देतात. ते फार थोडा वेळ टिकतं, कारण आपल्या रक्तात एक विकर असतं, ते त्या औषधाचे पाण्याच्या मदतीने तुकडे करून टाकतं. काही मिनिटांत औषध संपतं, माणूस श्वास घेतो. "तुमच्या गव्हासारखंच," त्या आईला म्हणाल्या; पातेल्याची सगळी कहाणी त्यांनी कालच ऐकली होती. "भिजलेल्या गव्हात दाणा जे फोडतं ना, त्याच्याच कुळातलं. पण हिच्या रक्तात ते बहुधा जवळजवळ नाही. असलं तरी कामाचं नाही. ते नसल्याने एरवी काही बिघडत नाही. ती खाईल, पिईल, शंभर वर्षं जगेल. फक्त हे एक औषध तिच्या अंगात तासन्‌तास राहतं."

"म्हणजे माझ्या बहिणीला..." आप्पा म्हणाले.

"खात्रीने मला सांगता येणार नाही. त्यांचं रक्त आज आपल्याकडे नाही. पण मला तसंच वाटतं. औषध योग्य होतं, ऑपरेशनचा निर्णय योग्य होता. त्या काळी हे कुणाच्या ध्यानात यायचं नाही."

आप्पा उठून बाहेर गेले. आई मागोमाग निघाली होती, पण दारात थांबली आणि परत येऊन बसली. बाहेरून काही आवाज आला नाही. ते परत आले तेव्हा त्यांनी तोंड धुतलं होतं.

आमच्या सगळ्यांचं रक्त मुंबईला पाठवलं. त्याचं उत्तर येईपर्यंतचे दिवस मला ऑपरेशनपेक्षा कठीण गेले. आता भीती माझी एकटीची नव्हती. ताईचे दिवस भरत आले होते, आणि पोट फाडायची वेळ आली तर तिलाही तेच औषध देतील, हा एकच विचार घरात फिरत होता. बोलत कुणी नव्हतं. ताई आईवर हुकूम सोडेनाशी झाली. दुपारी ती शेजारी आडवी झाली की मी तिचा श्वास ऐकत बसायचे, आणि झोपेत तो जरा लांबला की तिला हलवून जागं करायचे. ती चिडायची नाही, हेच मला जास्त घाबरवायचं. मी स्वतः झोपायला भीत होते. झोपेतून जागं होताना अंग हलायच्या आधीचा जो एक क्षण असतो, तो प्रत्येकालाच असतो, पण माझं त्या क्षणाशी वाकडं आलं. अजूनही सकाळी जाग आली की मी आधी बोटं हलवून बघते.

उत्तर आलं. माझ्यात ते विकर नसल्यातच जमा होतं. आई आणि आप्पा दोघांच्यात निम्मं, आणि निम्म्यावर माणसाचं भागतं. ताईतही निम्मं. पानसे मॅडमनी कागद वाचून दाखवला तेव्हा ताईने पोटावर हात ठेवला आणि म्हणाली, "मला चीक खायचाय." चिकाचे दिवस केव्हाच संपले होते. आईने तरीही त्याच संध्याकाळी गहू भिजत घातले. ताईचं बाळंतपण पुढे सरळ झालं. मुलगा झाला.

गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. भूल देणारी मुलगी माझ्या विद्यार्थिनीच्या वयाची होती. ते औषध मला देऊ नये असं लिहिलेलं पाकिटातलं कार्ड मी तिला दाखवलं, तोंडाने सांगितलं, मग पुन्हा सांगितलं. ती म्हणाली, "आजी, तीनदा सांगितलंत. भूल कमरेतच देणार आहे मी." मी चौथ्यांदा सांगितलं.

पण ही गोष्ट तिथे संपत नाही. अकरावीतल्या त्या ऑपरेशनचे टाके सुकून मी बाहेर पडायला लागल्यावर एका रविवारी आप्पा म्हणाले, "मनमाडला जाऊन येऊ. तू चल." आई मला पाठवायला तयार नव्हती. आप्पा म्हणाले, "माझ्याकडून ते ऐकणार नाहीत. ही दिसली तर ऐकतील." नाशिकरोडहून आम्ही पॅसेंजर पकडली. वाटेत आप्पा खिडकीबाहेर बघत होते आणि ओठ हलत होते. काय बोलायचं त्याची तयारी करत असावेत. निफाडच्या पुढे द्राक्षांचे मांडव लागले, लासलगावला कांद्याच्या वासाने डबा भरला. माझी भीती वेगळीच होती. मी त्या माणसाला काय दिसेन, हे मला कळत नव्हतं. त्यांची बायको ज्यातून परतली नाही, त्यातून परतलेली मुलगी.

आतोबा रेल्वेच्या क्वार्टरमध्ये एकटे राहत. दुसरं लग्न त्यांनी केलं नव्हतं. यार्डात काम होतं त्यांचं. मोठ्या हाडाचे, केस पूर्ण पांढरे. दार उघडून त्यांनी आप्पांना ओळखलं आणि दार तसंच अर्धं धरून उभे राहिले.

"ही माझी मुलगी," आप्पा म्हणाले. "धाकटी. हिचं ऑपरेशन झालं."

आतोबांनी माझ्याकडे बघितलं. मग दार सोडलं आणि आत जाऊन बसले. आम्ही आत गेलो. बसा म्हणाले नाहीत, म्हणून आप्पा उभेच राहिले आणि उभ्यानेच त्यांनी सगळं सांगितलं. गाडीत तयारी केली होती त्यातलं काही आठवलं नसावं, कारण ते फार तुटक बोलले. रक्तात एक असतं, ते हिच्यात नाही, कुसुममध्येही नसेल. ऑपरेशनमुळे नाही. कुणामुळे नाही. शेवटी म्हणाले, "मला एवढंच सांगायचं होतं." बाहेर शंटिंगचं इंजिन मागेपुढे होत होतं, डबे एकमेकांना धडकत होते.

आतोबांनी आप्पांकडे बघितलंच नाही. त्यांनी मला विचारलं, "तू जागी होती?"

"हो."

"ऐकू येत व्हतं?"

मी आप्पांकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरून मला कळलं की हा प्रश्न त्यांच्या कधी मनात आला नव्हता. हो म्हटलं तर या माणसाला काय कळेल, ते मला कळत होतं. नाही म्हणणं सोपं होतं. पण ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते की मला खोटं बोलता आलं नाही.

"हो," मी म्हणाले. "सगळं."

आतोबांनी डोक्यावरून हात फिरवला. मग म्हणाले, "मला आत घेतलं व्हतं त्यांनी. एक जण फुगा दाबत व्हता. मी वरडलो तिच्यावर. ऊठ म्हनलं, नाटक करू नको, माझी ड्युटी हाय. लय वरडलो. घाबरलो व्हतो ना मी." त्यांनी तळहात गुडघ्यांवर घासले. "ते ऐकलं असंल तिनं."

मी तेव्हा सोळा वर्षांची होते. मोठ्या माणसाला काय सांगावं, ते मला येत नव्हतं. मी जे मला माहीत होतं ते सांगितलं. "ओरडलं तरी बरं वाटतं, आतोबा. सगळे गप्प झाले ना, तेव्हा मला सगळ्यात भीती वाटली. आवाज असला की आपण एकटं नाही, एवढं कळतं. काय बोलतायत ते तेवढं लागत नाही."

त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, ते कळलं नाही. इंजिनाने शिट्टी दिली.

"तुझ्या डोळ्यातून पानी आलतं का?" त्यांनी विचारलं.

"आलं होतं."

"तिच्याबी." त्यांचा आवाज एकदम बारीक झाला. "मी सिस्टरला दाखवलं. ती म्हनली, औषधाचं हाय, काय नाय ते. मी पुसलं. रुमालानं. दोनदा पुसलं." मग त्यांनी पहिल्यांदा आप्पांकडे बघितलं, आणि पुन्हा माझ्याकडे. "पुसल्यालं कळतं?"

"कळतं," मी म्हणाले.